शीतक नळी, वाहनाची

एंजिन, रेडिएटर व हीटर यांच्यात शीतक द्रव खेळवणारी लवचिक किंवा ताठ नळी. सुरुवातीच्या मोटारींत कापडाचे थर दिलेले नैसर्गिक रबर वापरीत. उष्णतेने ते चिरे. पुढे त्याची जागा ईपीडीएम रबराने घेतली (पहा : रबर, संश्लिष्ट). ग्लायकॉलमिश्रित पाण्यात ते सु. १२५° से.पर्यंत टिकते, मात्र खनिज तेलाने फुगते. विद्युत्-रासायनिक क्रियेने ते आतून, विशेषतः टोकांपाशी चिरते आणि बाहेरून धड दिसते. म्हणून नळी नुसती पाहणे पुरेसे नाही, एंजिन थंड असताना ती टोकांजवळ दाबून पाहावी लागते. सिलिकोन अधिक तापमान सोसते, पण महाग असते व त्यातून बाष्प झिरपते. ताठ भागांसाठी ॲल्युमिनियम, पोलाद किंवा नायलॉन वापरतात. तांबे व ॲल्युमिनियम एकाच मंडलात आल्यास शीतकात गंजरोधक आवश्यक असते (पहा : गंजणे). नळी फुटल्यास एंजिन अतितप्त होऊन सिलिंडरशीर्ष वाकू शकते.