देकार (घरखरेदीतील)

विक्रीस असलेल्या घरासाठी खरेदीदार विक्रेत्यापुढे ठेवतो ती रक्कम आणि तिच्याबरोबरच्या अटी, म्हणजे देकार. बोलीभाषेत यालाच ‘ऑफर’ म्हणतात. देकारात रकमेइतकेच महत्त्व पैसे देण्याची मुदत, कर्जमंजुरीची अट, ताबा मिळण्याची तारीख आणि घरासोबत राहणाऱ्या वस्तू यांना असते. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील शहरांत जुन्या सदनिकेच्या म्हणजे रीसेल फ्लॅटच्या खरेदीचा विचार केला आहे. म्हाडाच्या सोडतीत किंमत आधीच जाहीर होते आणि घासाघिशीला वाव नसतो. नव्या प्रकल्पात विकसकाचे दरपत्रक असते. रीसेलमध्ये मात्र विक्रेत्याने सांगितलेला भाव ही केवळ त्याची अपेक्षा असते. म्हणून देकाराचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो.

देकाराची दोन टोके. देकार ठरवण्यापूर्वी दोन वेगळ्या रकमा काढाव्या लागतात. पहिली, त्या घराचे आजच्या बाजारातील मूल्य. दुसरी, खरेदीदाराला पेलणारी कमाल रक्कम. पहिली नोंदलेल्या व्यवहारांतून निघते, दुसरी स्वतःच्या बचतीतून आणि उत्पन्नातून. या दोहोंपैकी जी कमी, ती देकाराची वरची मर्यादा. बोलणी सुरू होण्याआधी ही मर्यादा कागदावर लिहिलेली असावी. घर आवडल्यानंतर केलेला हिशेब बहुधा आवडीच्या बाजूने झुकतो.

तुलनात्मक व्यवहार. सर्वांत भक्कम आधार म्हणजे त्याच इमारतीतील किंवा शेजारच्या इमारतींतील अलीकडचे नोंदणीकृत व्यवहार. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेत दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे ‘इंडेक्स टू’, पाहता येते. तीत दस्ताची तारीख, मोबदला, मुद्रांकासाठी धरलेला बाजारभाव आणि क्षेत्रफळ दिलेले असते. जाहिरातींतील भाव मागणीचे असतात, इंडेक्स टूमधील आकडे झालेल्या व्यवहाराचे. यांतही एक सावधगिरी हवी. मोबदल्याचा काही भाग रोखीत फिरला असेल, तर नोंदलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे एकाच दस्तावर विसंबू नये, तीन-चार व्यवहार शेजारी ठेवून पाहावेत.

तुलना नेहमी चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर करावी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 मध्ये चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे. जुन्या करारांत मात्र बिल्ट-अप किंवा सुपर बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेले आढळते. ‘हजार फुटांचा फ्लॅट’ आतून मोजल्यावर कितीतरी कमी भरतो, आणि दर फुटामागचा भाव तितकाच चढा ठरतो. स्वतः टेप लावून मोजणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

वार्षिक मूल्य दर तक्ते. लोक यांना ‘रेडी रेकनर’ म्हणतात. हे दर राज्य शासनाचा नोंदणी व मुद्रांक विभाग मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी ठरवतो. मोबदला आणि रेडी रेकनरनुसारचे मूल्य यांपैकी जे जास्त, त्यावर शुल्क बसते. हे दर बांधीव क्षेत्राच्या चौरस मीटरवर असतात (1 चौ. मी. म्हणजे 10.764 चौ. फूट). त्यामुळे एजंटने सांगितलेल्या कार्पेटच्या दराशी त्यांची थेट तुलना होत नाही. रेडी रेकनर हा बाजारभावाचा पुरावा नव्हे. तो आकारणीचा तळ आहे.

तरीही देकाराशी त्याचा संबंध येतो तो आयकरामुळे. मुद्रांकासाठीचे मूल्य मोबदल्यापेक्षा 10 टक्क्यांहून अधिक (आणि 50,000 रुपयांहून अधिक) जास्त असेल, तर तो फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरला जातो. उदाहरणार्थ, मुद्रांकमूल्य 1 कोटी आणि करारातील रक्कम 88 लाख असल्यास फरक 12 लाखांचा होतो. 88 लाखांच्या 10 टक्क्यांहून तो मोठा असल्याने पूर्ण 12 लाखांवर कर लागू शकतो. म्हणजे फार स्वस्तात मिळालेले घर कराच्या हिशेबात तितके स्वस्त राहत नाही.

वाढ आणि घट. तुलनेतून मिळालेल्या दरात घराच्या गुणदोषांनुसार फेरफार करावा लागतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीतील वरचा मजला, गळके छप्पर, जुनी वायरिंग, अपुरे पाणी आणि रस्त्याचा गोंगाट यांमुळे मूल्य घटते. दुरुस्तीची रक्कम अंदाजाने न धरता कंत्राटदाराकडून लेखी मागवावी.

कागदपत्रांतील उणिवांचे मोल याहून मोठे असते. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, सोसायटीची किंवा महापालिकेची थकबाकी आहे का, घरावर कर्ज आहे का, हे देकारापूर्वी विचारावे. पार्किंगसाठी वेगळी रक्कम मागितली जात असेल, तर सोसायटीने ती जागा खरोखर वाटून दिली आहे का ते पाहावे. विकसकाला स्टिल्टमधील पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुनर्विकासाच्या आशेवर भाव वाढवून सांगितला जातो तिथेही हाच निकष लावावा. विकसकाशी नोंदणीकृत करार झाला असेल, तर त्यातील हक्काचे मोल होते. नुसत्या चर्चेचे होत नाही.

एकूण खर्च आणि कर्ज. देकाराची रक्कम म्हणजे घराचा पूर्ण खर्च नव्हे. मुद्रांक शुल्क मुंबईत 6 टक्के, तर पुणे आणि ठाणे शहरांत 7 टक्के आहे. 1 एप्रिल 2021 पासून महिला खरेदीदारांना निवासी घरासाठी त्यात 1 टक्क्याची सवलत मिळते. नोंदणी फी 1 टक्का असते, पण 30,000 रुपयांहून जास्त नाही. सोसायटीचे हस्तांतरण अधिमूल्य महापालिका क्षेत्रात कमाल 25,000 रुपये आहे. एजंटची दलाली वेगळी. मोबदला 50 लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने 1 टक्का आयकर कापून सरकारकडे भरायचा असतो. ही रक्कम विक्रेत्याच्या पैशांतूनच जाते. विक्रेता अनिवासी असल्यास कपात बरीच मोठी असते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के अशी कमाल मर्यादा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सामान्यतः या मूल्यात धरत नाहीत. बँक स्वतःच्या मूल्यनिर्धारकाचा आकडा विचारात घेते, आणि तो कमी आला तर उरलेली रक्कम खरेदीदाराच्या खिशातून जाते.

उदाहरण. पुण्यातील 620 चौ. फूट कार्पेटच्या फ्लॅटला विक्रेता 95 लाख मागतो, असे धरू. म्हणजे दर फुटामागे सुमारे 15,300 रुपये. जवळच्या तीन व्यवहारांचा दर 14,100 च्या आसपास आहे, तर मूल्य सुमारे 87.4 लाख होते. दुरुस्तीचे अडीच लाख वजा केल्यास ते 85 लाखांच्या घरात येते. ही वरची मर्यादा. पहिला देकार 81 ते 82 लाखांचा ठेवला, तर बोलणीला जागा राहते आणि विक्रेत्याला तो अपमानही वाटत नाही.

व्यवहार 85 लाखांना ठरला, तर 7 टक्क्यांनी शुल्क 5.95 लाख, नोंदणी 30,000, एक टक्का दलाली 85,000 आणि सोसायटीचे 25,000, असे 7.35 लाख वाढतात. कर्ज 75 टक्के म्हणजे 63.75 लाख मिळाले, तर स्वतःचे 28.60 लाख हवेत. बँकेने मूल्य 80 लाखच धरले, तर कर्ज 60 लाखांवर येते आणि स्वतःचा वाटा 32.35 लाखांवर जातो. ही जुळणी करता येत नसेल, तर देकार बाजारमूल्याला धरून असला तरी त्या खरेदीदारासाठी तो जास्तच आहे.

बोलणीतील मनोव्यापार. सांगितलेला भाव मनाला खिळवून ठेवतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील यांच्या 1987 मधील अमेरिकेतील प्रयोगात एकाच घराचे वेगवेगळे मागणीभाव दाखवले गेले, आणि अनुभवी इस्टेट एजंटांचे अंदाजही त्या भावाकडे ओढले गेले. डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर यांनी 2001 मध्ये बोस्टनमधील सदनिकांच्या अभ्यासातून दाखवले, की खरेदीच्या किमतीहून कमी मिळण्याची वेळ आलेले विक्रेते भाव चढा ठेवतात आणि त्यांची घरे उशिरा विकली जातात. म्हणून विक्रेत्याने घर केव्हा घेतले, त्यावर किती कर्ज बाकी आहे आणि त्याला पैसे केव्हा हवे आहेत, हे कळले तर देकाराला दिशा मिळते. पुढचे घर ठरवून बसलेल्या विक्रेत्याला लवकर आणि खात्रीचे पैसे मिळणे हे चढ्या आकड्याइतकेच मोलाचे वाटू शकते. कर्जाची पूर्वमंजुरी हातात असणे ही खरेदीदाराची मोठी ताकद आहे.

बंद बोली आणि लिलाव. स्कॉटलंडमध्ये ‘या रकमेच्या वर’ देकार मागवून घरे विकण्याची प्रथा आहे. ठरलेल्या दिवशी वकिलांमार्फत बंद बोली येतात. 2008 पासून विक्रेत्याला घराची पाहणी आणि मूल्यांकन असलेला अहवाल आधीच द्यावा लागतो. भारतात याच्या जवळचा प्रकार म्हणजे सरफेसी कायदा, 2002 खालील बँकांचा लिलाव. त्यात राखीव किंमत असते, बोली मान्य झाल्यावर 25 टक्के लगेच आणि उरलेली रक्कम सामान्यतः विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत भरावी लागते. न भरल्यास भरलेले पैसे जप्त होतात. अशा स्पर्धेत जिंकणारा बहुधा तोच असतो, ज्याचा अंदाज सर्वांत चढा होता. म्हणून स्पर्धक जितके जास्त, तितके स्वतःच्या आकड्याबाबत अधिक कठोर राहावे.

बयाणा. देकार मान्य झाल्यावर टोकन किंवा बयाणा दिला जातो. तो धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने 2015 पासून मनाई आहे. पावतीवर एकूण रक्कम, मुदत आणि मालकीहक्कात दोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास बयाणा परत मिळेल अशी अट लिहून घ्यावी. वकिलाचा मालकीशोध पूर्ण होईपर्यंत बयाण्याची रक्कम लहान ठेवणे शहाणपणाचे.

योग्य देकार म्हणजे सर्वांत कमी देकार नव्हे. ज्याचा प्रत्येक घटक कागदाने दाखवता येतो, आणि जो नाकारला गेल्यास खरेदीदार पश्चात्ताप न करता पुढचे घर पाहू शकतो, तोच योग्य देकार.