भुताचा वाडा नक्की कोणाचा?

#धागा

१/ २४ डिसेंबर १७६४ रोजी लंडनमध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली. मूळ लेखक इटलीतील एक धर्मगुरू, अनुवादक विल्यम मार्शल, असे तिच्या शीर्षकपृष्ठावर छापले होते. हा ग्रंथ १५२९ साली नेपल्समध्ये छापला गेला आणि उत्तर इंग्लंडमधील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडला, असे प्रस्तावना सांगत होती. हे सारे बनावट होते.

२/ खरा लेखक होता होरेस वॉलपोल. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानल्या जाणाऱ्या रॉबर्ट वॉलपोलचा हा मुलगा. स्वतःही संसद सदस्य. ट्विकनहॅम येथे त्याने मध्ययुगीन धाटणीचे ‘स्ट्रॉबेरी हिल’ उभारले होते. जिन्याच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक प्रचंड हात स्वप्नात दिसला आणि त्यातून ही कथा सुचली, असे त्याने मित्राला पत्रात कळवले.

३/ १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कर्तृत्व मान्य केले आणि ‘एक गॉथिक कथा’ हे उपशीर्षक जोडले. तोवर ‘गॉथिक’ म्हणजे मध्ययुगीन, बहुधा रानटी. त्या हेटाळणीच्या शब्दावरूनच पुढे एका साहित्यप्रकाराचे नामकरण झाले.

४/ कथेत लग्नाच्या दिवशीच राजपुत्र एका अजस्र शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. त्याचा पिता मॅनफ्रेड हादरतो. कारण त्याच्या आजोबाने खऱ्या राजाला, अल्फोन्सोला, विष देऊन आणि खोटे मृत्युपत्र पुढे करून ही गादी बळकावलेली असते. येथील भूत नुसते भिववायला येत नाही. ते वारसाहक्क सांगायला येते. बनावट मृत्युपत्राची ही गोष्ट बनावट शीर्षकपृष्ठाखाली प्रसिद्ध व्हावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

५/ तीस वर्षांनी, १७९४ मध्ये, अ‍ॅन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ आली. प्रकाशकाने तिला ५०० पौंड दिले. त्या काळी कादंबरीसाठी ही फार मोठी रक्कम होती. रॅडक्लिफ प्रत्येक अद्भुत घटनेचा अखेरीस नैसर्गिक उलगडा करते. भुते नाहीशी होतात, मॉन्टोनी मात्र उरतो.

६/ मॉन्टोनीला हवी असते पत्नीची मालमत्ता. ती सही नाकारते, कोंडली जाते आणि मरते. मग तोच कागद तिच्या भाचीपुढे, एमिलीपुढे, येतो. कथेचा काळ १५८४ चा असला, तरी वाचणाऱ्या स्त्रियांना ही भीती परकी नव्हती. इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई आणि जमिनीचा ताबाही त्याच्याकडे जाई. हे चित्र मूलतः बदलले ते १८८२ च्या कायद्याने.

७/ जेन ऑस्टिनने ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’मध्ये या वेडाची थट्टा केली. हे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस आले. जनरल टिलनीने पत्नीचा खून केला असावा, हा कॅथरिनचा संशय हास्यास्पद ठरतो. पण ती श्रीमंत वारस नाही हे कळताच तोच जनरल तिला एकटीला घराबाहेर काढतो. म्हणजे कॅथरिनचे अनुमान चुकले, तरी माणूस ओळखण्यात ती फारशी चुकली नव्हती.

८/ १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’चा आरंभ आठवा. जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियाला जातो तो भूत शोधायला नव्हे, तर वकिलाच्या नात्याने, काउंटच्या इंग्लंडमधील घरखरेदीचे काम घेऊन. १३३ वर्षांनंतरही गॉथिक कथा मालमत्तेच्या कागदापासूनच सुरू होते.

९/ दिवे विझणे, दारे करकरणे ही या साहित्यप्रकाराची बाह्य सजावट. तिच्याआड जुना प्रश्न उभा असतो : हे घर कोणाचे, आणि ते कोणाला लुबाडून मिळवले? पुढच्या वेळी अशी कादंबरी वाचताना भुताआधी दस्तऐवज शोधावा. बहुतेकदा भूत त्याच्याच आसपास सापडते.

(समाप्त)