राजाश्रय, लोकाश्रय आणि स्वायत्तता : वर्ध्याच्या संमेलनाच्या निमित्ताने

निवडणुकीच्या काळात उमेदवारांना रस्ते, सिंचन, कापसाचा भाव यांविषयी प्रश्न विचारले जातात. साहित्य-कलांवर शासनाने करावयाच्या खर्चासंबंधी त्यांची भूमिका काय, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर ‘किती देणार?’ एवढेच. महाराष्ट्राचा 1960 नंतरचा अनुभव ध्यानात घेता प्रश्नाचे हे रूपच अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. राजकीय भूमिकांची तुलना रकमांवरून न करता, दिलेल्या द्रव्याच्या विनियोगाचा निर्णय कोण घेतो आणि घेतलेला निर्णय फिरवण्याची सत्ता कोणाच्या हाती राहते, यावरून करावयास हवी.

वर्ध्यालगतचे पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे काव्य वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे मानले जाते. येथे दाता, रसिक आणि कवी या तिन्ही भूमिका एकाच सिंहासनावर एकवटतात. राजाश्रयाच्या व्यवस्थेत हे विसंगत नाही, कारण कोष राजाचाच असतो. लोकशाहीत मात्र कोष करदात्यांचा असतो आणि शासनकर्ता त्याचा केवळ विश्वस्त. तरीही आपण ‘राजाश्रय’ हाच शब्द वापरत राहिलो. आणि त्या शब्दाबरोबर दात्याचा अहंकार व आश्रिताचे ओशाळेपणही वापरात राहिले.

1960 मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या पुढाकाराने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद आले. शासनाने द्यावे आणि विद्वानांनी ठरवावे, अशी ही भूमिका होती. ब्रिटनमध्ये 1946 साली अस्तित्वात आलेल्या आर्ट्‌स कौन्सिलमागेही शासन व कला यांच्यात अंतर राखण्याचेच तत्त्व होते. परंतु आपल्याकडे मंडळावरील नेमणुका शासनाच्याच हाती राहिल्या. ही स्वायत्तता संस्थेच्या रचनेत रुजलेली नव्हती. ती सत्ताधाऱ्याच्या संयमावर उभी होती. संयम हा व्यक्तीचा गुण आहे आणि व्यक्ती बदलतात. 1975 च्या कऱ्हाड संमेलनात केंद्रीय मंत्री असलेले चव्हाण स्वागताध्यक्ष होते, तर अध्यक्षा दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलत होत्या. पुढच्याच वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. सुसंस्कृत नेत्याची उपस्थिती लेखकाला संरक्षण देऊ शकत नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरी भूमिका 1995 नंतरच्या युतीशासनाच्या काळात उघडपणे व्यक्त झाली. पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार 1996 मध्ये पु. ल. देशपांडे यांना मिळाला. ज्या पु. लं.नी 1977 च्या निवडणुकीत जनता पक्षाचा प्रचार केला होता, त्यांनी या शासनावरही टीका केली आणि बाळासाहेब ठाकरे यांनी त्यांचा कठोर समाचार घेतला. 1999 च्या मुंबई संमेलनाच्या वेळी, वसंत बापट अध्यक्ष असताना, ठाकरे यांनी संमेलनाची संभावना ‘बैलबाजार’ अशी केली. या भूमिकेला निदान आडपडदा नव्हता : जो देतो त्याला बोलण्याचा अधिकार. मात्र देणारा पक्ष नव्हता, राज्य होते. पक्ष आणि राज्य यांतील हा भेद येथे पुसला गेला.

त्याच वर्षी धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. मूठभर धान्य आणि एक रुपया या लोकवर्गणीवर उभी राहिलेली ही तिसरी भूमिका. शासनाचे अनुदानच नको, असे ती म्हणते. तिचे नैतिक बळ निर्विवाद आहे. पण विश्वकोश, ग्रंथालये, दुर्मीळ ग्रंथांची पुनर्मुद्रणे ही दीर्घकालीन कामे लोकवर्गणीवर चालणे अवघड आहे. शिवाय शासकीय द्रव्य नाकारले, तरी त्याचा विनियोग थांबत नाही.

या तिन्ही भूमिका 2022-23 मध्ये वर्ध्यात एकमेकींसमोर आल्या. 6 डिसेंबर 2022 रोजी जाहीर झालेल्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या अनघा लेलेकृत अनुवादाचा समावेश होता. 12 डिसेंबरला शासनाने तो पुरस्कार रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. रद्द झालेल्या या पुरस्काराला तर्कतीर्थांचेच नाव होते. लक्ष्मीकांत देशमुख, प्रज्ञा दया पवार, नीरजा आदींनी शासकीय समित्यांवरील पदांचे राजीनामे दिले. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी या निर्णयावर टीका केली. जुलै 2023 मध्ये ते त्याच शासनात उपमुख्यमंत्री झाले. कलेच्या स्वातंत्र्याविषयीची भूमिका पक्षापेक्षा खुर्चीवर अधिक अवलंबून असते, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो.

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्ध्यात 96 वे अखिल भारतीय संमेलन भरले. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर, स्वागताध्यक्ष माजी खासदार दत्ता मेघे, उद्‌घाटक मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. त्याच सुमारास संमेलनाचे अनुदान 50 लाखांवरून 2 कोटींवर गेले. त्याच शहरात चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली 17 वे विद्रोही संमेलनही भरले. 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली याच वर्ध्यात संमेलन झाले होते. दरम्यानच्या चौपन्न वर्षांत संमेलनावरील शासकीय खर्च वाढला. निर्णयाचे स्वातंत्र्य मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. दोन महिन्यांच्या अंतराने एक पुरस्कार रद्द होतो आणि एक अनुदान वाढते, या दोन घटनांत विरोध नाही. दोन्हींत निर्णय एकाच टेबलावर होतो.

म्हणून उमेदवाराला विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. मंडळांवरील नेमणुका कोण करणार? निवड समितीचा निर्णय शासनाला फिरवता येऊ नये, अशी तरतूद आपण कायद्याने कराल काय? आणि विरोधी बाकावरून दिलेले उत्तर सत्तेत गेल्यावरही कायम राहील, याची हमी कोणती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणताही उमेदवार शब्दांनी देऊ शकत नाही. ते संस्थेच्या घटनेतच लिहून ठेवावे लागते. समीक्षेने कलाकृतीच्या स्वायत्ततेची चर्चा पुष्कळ केली. कलाकृतीचे मूल्य ठरवणाऱ्या संस्थांची स्वायत्तता हाही समीक्षेचाच विषय आहे.