नांगराच्या जाहिरातीतून वाढलेले मासिक

लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांमध्ये होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात घडवलेले पहिले नांगर त्यामुळे बराच काळ गिऱ्हाइकाविना पडून राहिले. नांगरात खोट नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर धरलेल्या माणसाला केवळ किंमत आणि वजन सांगून तो पटण्यासारखा नव्हता. त्याला दुसऱ्या शेतकऱ्याचे नांगरलेले रान दिसायला हवे होते, निदान त्या रानाची हकिकत तरी कानी पडायला हवी होती.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ कारखान्यासाठी दिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसू लागली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर पुढे याच कारखान्यात आले. ते मुळात चित्रकार. व्यंगचित्रांवर त्यांचा चांगला हात होता आणि मालाची जाहिरात हे त्यांचे काम झाले.

1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नावाप्रमाणे ते कारखान्याचे वार्तापत्र होते. मात्र नुसत्या मालाच्या वर्णनाने वाचक टिकत नाही, हे शंकररावांनी लवकर ओळखले. उद्योगात उभ्या राहिलेल्या माणसांची चरित्रे, स्वावलंबनाचे लेख, चित्रे आणि पुढे कथा यांना अंकात जागा मिळत गेली. नांगर, चरक आणि कडबा कापण्याचे यंत्र विकणाऱ्या कारखान्याने आपल्याच पत्रातली मालाची जागा आक्रसू द्यावी, हा निर्णय धाडसाचा होता आणि मराठी व्यवसायाच्या इतिहासात त्याला मोठे मोल आहे. वाचकाला विकत घ्यायला लावण्याआधी त्याला यंत्राच्या, उद्यमाच्या जगात रस वाटला पाहिजे, हे त्यामागचे खरे गमक. ज्या घरात कधी यंत्र येणार नव्हते, तिथेही त्यामुळे किर्लोस्करांचे नाव ओळखीचे झाले.

1929 साली नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे सर्वसाधारण वाचकांचे मासिक झाले. 1930च्या दशकात स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात प्रसिद्ध झाले. अंधश्रद्धा आणि रूढींवर त्यांत कठोर टीका होती. लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या समजुतींशी कारखान्याने पूर्वी झुंज दिली होती, तीच आता मासिकाच्या पानांवर व्यापक रूपात सुरू झाली. दरम्यान 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ ही भावंडे याच वाडीतून निघाली.