मृगात भरणारी शाळा : प्रस्तावना

जूनच्या मध्याला शाळेचे नवे सत्र उघडते, तेव्हा अकोले तालुक्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात राब भाजून झालेला असतो आणि त्या राखेत भाताचे बी पडलेले असते. तीन-चार आठवड्यांनी आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागते आणि वर्ग विरळ होऊ लागतात. हजेरीपटात त्याची नोंद एका अक्षरात होते : ‘गै’. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्या शिक्षकाने आधी त्या ‘गै’पाशी थांबावे. मूल त्या दिवशी चिखलात उभे राहून काय शिकत होते?

मला हे उशिरा सुचले. पहिल्या फेरीत मी प्रश्नावली घेऊन गेलो होतो. महादेव कोळी आणि ठाकर मुलांनी ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे काही दिले नाही. मग एका आजीने अधोली पुढे ठेवली आणि तीत वरई ओतली. दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. अपूर्णांकांना बिचकणारी तिसरीतली मुलगी बोटे न मोडता सांगून गेली की मापटे म्हणजे पायलीचा आठवा हिस्सा. पुस्तकात हेच गणित पिझ्झाच्या तुकड्यांनी शिकवले असते, तर ती गप्प बसली असती.

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी राखलेल्या गावरान बियाण्यांची दखल देशाने 2020 मध्ये पद्मश्री देऊन घेतली. आपल्या विज्ञानाच्या तासाला मात्र घेवड्याच्या वाणांचे नाव क्वचितच निघते.

घरचे ज्ञान वर्गात आणण्याची ही वाट अगदीच अनवट नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम मांडले, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले आणि अनुताई वाघांच्या साथीने वारली पाड्यांच्या अंगणातच बालवाडी भरवली. गोट्या, बिया, पाने हीच तिथली साधने.

दूर न्यूझीलंडमध्ये माओरींनी 1982 मध्ये ‘कोहंगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, उघडली. नातवंडांच्या तोंडून भाषा निसटत चालली होती. म्हणून आजी-आजोबाच बालवाडीत येऊन बसले. 1996 साली तिथल्या सरकारने बालशिक्षणाचा आराखडा काढला, त्याचे नाव ‘ते फारिकी’. फारिकी म्हणजे विणलेली चटई. 2022 पासून ‘मातारिकी’ला, माओरी नववर्षाला, सार्वजनिक सुट्टी असते. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. त्या जून-जुलैत पहाटे पुन्हा दिसू लागल्या की तिथे वर्ष पालटते. आपल्याकडे त्या सुमारास आभाळ भरून आलेले असते, म्हणून शेतकरी नक्षत्रे पावसावरून ओळखतो. पण भूगोलाचा एक सुरेख पाठ या दोन आभाळांत तयार पडला आहे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. आदिवासी संस्कृती म्हटली की आपण स्नेहसंमेलनात मुलांना कमरेला पाने बांधून नाचवतो, फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोलीवर लाल रेघ ओढतो. असल्या कौतुकापेक्षा दुर्लक्ष परवडले.

पुढच्या प्रकरणांत बोली, मापे, बियाणे, रानभाज्या आणि पावसाची नक्षत्रे यांवर पाठ आहेत. ते क्रमाने वाचायची गरज नाही. आवणी सुरू असेल तर तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा, आणि जमल्यास ते बांधावर बसून वाचा. तिथली मुले चुका लगेच दाखवतील.