एका संगीत-दप्तरदाराची निवड

ज्यांनीं जुन्या दप्तरांत थोडाफार काळ घालविला आहे त्यांस एक गोष्ट ठाऊक असते. रुमालांत कागद पुष्कळ बांधलेले असतात. त्यांतून इतिहास उभा राहतो तो निवडीनें. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यांतलें एकहि पत्र सरदेसायांनीं स्वतः लिहिलेलें नव्हतें; तरी त्या खंडांवर त्यांच्या बुद्धीची मुद्रा नाहीं असें कोण म्हणेल? संगीताच्या बाबतींतहि असें घडूं शकतें काय, हा प्रश्न आम्हांस एका अमेरिकन विनोदी चित्रपटानें घातला. त्याचाच येथें थोडा विचार करूं.

‘द बिग लेबॉव्स्की’ हा जोएल व ईथन कोएन या बंधुद्वयाचा चित्रपट ६ मार्च १९९८ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला. कथा १९९१ सालच्या लॉस एंजेलिस शहरांतील आहे. स्वतःस ‘ड्यूड’ म्हणविणारा जेफ लेबॉव्स्की हा तिचा निरुद्योगी नायक. मित्रांबरोबर बोलिंग खेळावें, म्हणजे लांब लाकडी पट्टीवरून जड गोळा सोडून टोंकाच्या दहा खुंट्या पाडाव्या, आणि घरीं येऊन गाणीं ऐकत पडून राहावें, यापलीकडे त्याची महत्त्वाकांक्षा नाहीं. त्याच नांवाच्या एका धनिकाच्या शोधांत गुंड चुकून याच्या घरांत शिरतात व याचा गालिचा खराब करतात. त्या गालिचाची भरपाई मागावयास गेलेला हा गृहस्थ मग अपहरण, खंडणी व फसवणूक यांच्या गुंत्यांत सांपडतो. रेमंड चँडलर यांच्या रहस्यकथांची ही धाटणी विनोदासाठीं मुद्दाम विसकटलेली आहे. आरंभीं प्रेक्षकांनीं या चित्रपटाचें बेताचेंच स्वागत केलें. पुढें मात्र त्याचा संप्रदायच निर्माण झाला. २००२ सालीं लुइव्हिल येथें त्याच्या भक्तांचा पहिला मेळा भरला, आणि २०१४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें जतन करण्यायोग्य चित्रपटांच्या राष्ट्रीय यादींत त्याची नोंद केली.

चित्रपटाच्या थोडे दिवस आधीं, १९९८ च्या फेब्रुवारींत, त्यांतील १४ गीतांची तबकडी मर्क्युरी कंपनीनें काढली होती. ती प्रथम ऐकणारा गोंधळून जातो. आरंभीं बॉब डिलन यांचें १९७० सालचें गाणें. तें संपतें न संपतें तों कॅप्टन बीफहार्ट या विक्षिप्त गायकाचें १९७२ सालचें. थोड्या वेळानें ईमा सुमाक या पेरू देशाच्या गायिकेचा अनेक सप्तकांत विहरणारा आवाज. ड्यूक एलिंग्टन यांची जुनी चाल नीना सिमोन गातात. त्यांच्यामागून येतो मूनडॉग, जो अंध संगीतकार एके काळीं उत्तरेकडील प्राचीन योद्ध्यांचा वेष करून न्यूयॉर्कच्या पदपथावर उभा राहत असे. पुढें व्हिएन्नाच्या ऑपेऱ्यांतील एक करुण युगुलगीत, फ्लॅमेन्को गिटारी, आणि जर्मन यंत्रसंगीताचें विडंबन! हा संग्रह कीं भेळ, असें कोणीहि विचारील.

या निवडीमागें टी-बोन बर्नेट हे गृहस्थ होते. १९४८ सालीं जन्मलेल्या बर्नेट यांनीं १९७५-७६ मध्यें डिलन यांच्या फिरत्या मैफलींत गिटार वाजविली होती. चित्रपटासाठीं गाणीं मिळविणाऱ्या माणसास हॉलीवूडमध्यें ‘म्युझिक सुपरवायझर’ म्हणतात. लोकांनीं आपणांस मुकादम समजावें हें बर्नेट यांस रुचेना. त्यांनीं तें पद नाकारून श्रेयनामावलींत ‘म्युझिकल आर्काइव्हिस्ट’ असें लावून घेतलें. आमच्या भाषेंत यास ‘संगीत-दप्तरदार’ म्हणावें लागेल.

नवें संगीत रचणारा प्रसंगाचा भाव पाहून स्वर योजतो. दप्तरदारास ती मुभा नसते. त्याच्यापुढील स्वर पूर्वींच ठरून गेलेले असतात. म्हणून या मंडळींनीं एक निराळें तत्त्व पत्करलें: ज्या पात्राचें जें जग, त्यास त्याच जगांतलें संगीत. अश्लील चित्रपटांचा धनाढ्य निर्माता ट्रीहॉर्न याच्या समुद्रकांठच्या मेजवानींत ईमा सुमाक ऐकूं येतात आणि त्याच्या दिवाणखान्यांत हेन्री मॅन्सिनी यांची १९६१ सालची मंद, सुखासीन रचना. दोन्हींवरून त्याची श्रीमंती आणि त्याची अभिरुचि कोणत्या काळीं थांबली, हें एका वाक्याशिवाय कळतें. मॉड ही अत्याधुनिक चित्रकर्ती. तिच्या वाट्यास मेरेडिथ मंक यांचें श्वास व स्वर यांवर उभारलेलें गायन येतें. शून्यवादी म्हणविणाऱ्या जर्मन टोळक्याची एक जुनी वाद्यमंडळी होती असें कथेंत आहे. तिचें संगीत कोठल्याच दप्तरांत सांपडणें शक्य नसल्यामुळें कार्टर बरवेल यांनीं तें नव्यानें रचून दिलें. अशा रीतीनें पाहिलें म्हणजे ही तबकडी एका शहराची खानेसुमारी ठरते.

तें शहरच परक्यांनीं वसविलेलें आहे. त्या युगुलगीताचे कर्ते एरिश कोर्नगोल्ड यांचा ‘दी टोटे श्टाट’ हा ऑपेरा ४ डिसेंबर १९२० रोजीं हॅम्बुर्ग व कलोन येथें एकाच दिवशीं रंगभूमीवर आला, तेव्हां ते अवघे २३ वर्षांचे होते. पुढें हिटलरच्या राजवटीमुळें या यहुदी संगीतकारास मायदेश मुकावा लागला. हॉलीवूडच्या चित्रपटांना संगीत देत ते राहिले आणि १९५७ सालीं लॉस एंजेलिस येथेंच वारले. गमावलेल्या सुखाविषयींचें त्यांचें गीत ४१ वर्षांनीं त्याच शहरावरील एका विनोदी चित्रपटाच्या तबकडींत येऊन बसलें. ईमा सुमाक यांनींहि २००८ सालीं त्याच शहरीं देह ठेवला. हे योग निवडणाऱ्यांनीं मुद्दाम जुळविले, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु चांगल्या दप्तरांत कागद शेजारीं ठेवले म्हणजे ते आपण होऊन एकमेकांशीं बोलूं लागतात.

सर्वांत गंमतीची कथा अखेरच्या गाण्याची आहे. मूळ रोलिंग स्टोन्स मंडळीचें हें १९७१ सालचें गाणें येथें टाउन्स व्हॅन झँट यांच्या थकलेल्या आवाजांत आहे. चित्रपट लोकांपुढें आला तेव्हां ते हयात नव्हते, १ जानेवारी १९९७ रोजींच त्यांचें निधन झालें होतें. बर्नेट सांगतात कीं, या गाण्याचे हक्क ॲलन क्लाइन या व्यवहारचतुर गृहस्थाकडे होते व त्यांनीं दीड लाख डॉलर मागितले. बर्नेट यांनीं त्यांस कच्चा चित्रपट दाखविला. त्यांत एके ठिकाणीं नायक भाड्याच्या मोटारींत बसलेला असतांना ‘ईगल्स’ मंडळीचें गाणें लागतें, आणि तो त्या मंडळीविषयींचा आपला तिटकारा शिवीसकट बोलून दाखवितो. तें वाक्य ऐकतांच क्लाइन उठले आणि गाणें घ्या म्हणाले! त्याच ईगल्सचें सुप्रसिद्ध गाणें जिप्सी किंग्ज यांच्या स्पॅनिश गायनांत नायकाच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रवेशास लावलेलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे निवडीच्या विनोदास पूर्ण रंग चढतो.

तथापि निवडीस किंमतहि द्यावी लागते, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. केनी रॉजर्स यांच्या मंडळीचें एक गाणें मूळचें नशेंत भ्रमिष्ट झालेल्या मनाचें आहे. चित्रपटांत तें बोलिंगच्या रंगीत स्वप्नांतील नाचाचें गाणें झालें, आणि आतां पुष्कळांस त्याचा मूळ भाव शोधूनहि सांपडणार नाहीं. दुसरी उणीव याहून मोठी. नायकाचें स्वतःचें संगीत म्हणजे क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या मंडळीचें. त्याची मोटार चोरीस जाते तेव्हां आंतल्या क्रीडेन्सच्या टेपांविषयीं तो हळहळतो. मोटार सांपडते तेव्हां चोरांनीं त्या टेपा तशाच ठेवल्या आहेत असें कळतें. चोरांनीं जें सोडलें तें तबकडी काढणाऱ्यांनीं मात्र वगळलें! त्या १४ गीतांत क्रीडेन्सचें एकहि नाहीं. आरंभीं वाळलेलें झुडूप वाऱ्यावर लोळत शहरांतून सागरतीरीं जातें, त्या वेळचें ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ यांचें १९३४ सालचें गाणेंहि नाहीं. केवळ तबकडीवरून जो या चित्रपटाचें चित्र मनांत उभें करील त्यास शेजारीपाजारी सगळे भेटतील, घरधनी तेवढा भेटणार नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकास यांत कांहीं नवल वाटूं नये. छापलेल्या खंडांवर विसंबून जो रुमाल सोडीत नाहीं त्याचीहि हीच गत होते. परंतु म्हणून निवडच व्यर्थ असें आम्हांस वाटत नाहीं. दोन वर्षांनीं, २००० सालीं, कोएन बंधूंच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटासाठीं बर्नेट यांनीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील जुन्या लोकसंगीताचें दप्तर सोडलें. त्या तबकडीस २००२ सालीं वर्षांतील सर्वोत्कृष्ट संग्रह म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळालें, आणि जीं गाणीं जाणत्यांच्याच संग्रहीं उरलीं होतीं तीं लाखो घरांत वाजूं लागलीं. तें यश मोठें खरें. पण दप्तरदाराच्या कामाची पहिली परीक्षा आधींच्या गोंधळलेल्या, अपुऱ्या, विनोदी तबकडींतच झाली होती. आमच्या वाचकांनीं ती अवश्य ऐकावी. मात्र ऐकून झाल्यावर चित्रपट पाहावा, आणि नायकाच्या त्या टेपा विसरूं नयेत.