मेणबत्तीतलं मेण कोणाचं?

दिवाळीसाठी आमच्या गटाने सुगंधी मेणबत्त्या करायला घेतल्या, तेव्हा एका मावशीने बैठकीतच विचारलं, "काहून वं बाई, इले मेणबत्ती म्हनतेत, पन इच्यात मेन हाये तरी का?" सगळ्या हसल्या. उत्तर मात्र कोणालाच देता आलं नाही. म्हणून आम्ही जुन्या बायांना विचारलं, थोडं वाचलं. ते आज तुम्हाला सांगतो.

मेण म्हणजे मुळात मधमाशीचं मेण. आपल्या आज्यांच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी असायची. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकायचं, मग त्यावर कुंकू दाबायचं. दिवसभर शेतात निंदण केलं तरी कुंकू ढळत नसे. टिकल्यांची पाकिटं आली आणि ती डबी घरातून गेली.

हे मेण यायचं जंगलातून. आपल्याकडे मेळघाटात आग्या मोहोळ मोठ्या झाडांना आणि कड्यांना लटकतं. मध पिळून घेतल्यावर उरलेलं पोळं गरम पाण्यात वितळवायचं, फडक्याने गाळायचं, थंड झालं की मेणाची वडी वर तरंगते. माशी हे मेण स्वतःच्या पोटातून काढते. एक किलो मेण करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असं जाणकार सांगतात. मग ते महाग असणारच. युरोपातही मधमाशीच्या मेणाच्या बत्त्या चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या घरी जळायच्या. गरिबाच्या घरी जनावराच्या चरबीची बत्ती असे. तिला धूर फार आणि वासही.

आपल्या वऱ्हाडातल्या घरात तेव्हा मेणबत्ती नव्हतीच. जवसाचं, तिळाचं नाहीतर करडईचं तेल आणि कापसाची वात, हाच आपला उजेड.

स्वस्त मेणाचा शोध तिकडे सुरूच होता. फ्रान्समध्ये शेव्हरल नावाच्या शास्त्रज्ञाने चरबीतून स्टिअरिन वेगळं काढलं. १८२५ मध्ये त्याचं पेटंट झालं. त्याची बत्ती कडक होती, वासही मारत नव्हती. मग पॅराफिन आलं. १८५० मध्ये जेम्स यंग याने कोळशापासून पॅराफिन काढण्याचं पेटंट घेतलं. पुढे १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली आणि खनिज तेलातून ढिगाने मेण निघू लागलं. आपल्या देशात आसामच्या डिग्बोईला १९०१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तिथलं मेण पुढे देशभर गेलं.

म्हणजे बघा, ज्या खनिज तेलातून आपल्या चिमणीतलं रॉकेल निघतं, त्यातूनच हे पांढरं मेण निघतं. चिमणी आणि मेणबत्ती सख्ख्या बहिणीच म्हणा ना! लोडशेडिंगच्या दिवसांत आपण दुकानातून आणायचो त्या बत्तीत माशीचं मेण नव्हतं. मेण बदललं, नाव तेवढं तेच राहिलं. मावशीचा प्रश्न बरोबर होता.

आता तिसरं मेण. हे तर आपल्याच शेतातलं. १९९१ च्या सुमारास अमेरिकेच्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स नावाचा माणूस माशीच्या मेणाला स्वस्त पर्याय शोधत होता. आयोवा म्हणजे आपल्यासारखाच सोयाबीनचा मुलूख. त्याने सोयाबीनच्या तेलाचं मेण केलं. तेलात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करतात, डालडा करायचे तसंच. ही विद्या वऱ्हाडाला काही नवी नव्हती. आपल्या शेगावलाच बेरार स्वदेशी वनस्पती नावाचा कारखाना होता.

आम्ही सोया वॅक्सचं पहिलं पोतं आणलं, तेव्हा त्यावर परदेशाचं नाव होतं. आमच्यातल्या एकीने नुकतंच सोयाबीन विकलं होतं. ती पोत्याकडे बघत म्हणाली, "आमी क्विंटलनं इकतो, अन् हे किलोनं घेतो." त्या दिवशी कोणी फार बोललं नाही. सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण १८ ते २० टक्के, बाकीची पेंड. पीक आपण काढतो, पण त्या तेलाचं मेण करणारा कारखाना आपल्या हातात नाही. किलोचा भाव त्या कारखान्याचा.

आता कामाचं बोलू. सुगंधी मेणबत्तीला कोणतं मेण घ्यावं? आमचा अनुभव ऐका. पहिल्या वर्षी आम्ही सोया मेणाचे सुंदर गुलाब केले आणि मे महिन्यात अकोल्याच्या प्रदर्शनात नेले. दुपारपर्यंत सगळ्या गुलाबांनी माना टाकल्या! चूक आमचीच. काचेच्या ग्लासात भरायचं सोया मेण साधारण ४५ ते ५२ अंशांनाच वितळतं आणि वैशाखात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. पॅराफिन साधारण ५२ ते ६० अंशांना वितळतं आणि माशीचं मेण ६२ ते ६५ ला. म्हणून सोया ग्लासातच भरा, मालही थंडीत पाठवा. आकाराच्या बत्तीला पॅराफिन घ्या नाहीतर माशीचं मेण.

वासाचं म्हणाल, तर पॅराफिन सुगंध लवकर सोडतं. सोया मेण हळू जळतं आणि त्याचा वास मंद असतो. माशीच्या मेणाला स्वतःचाच मधाचा वास असतो, त्यात दुसरा सुगंध घालूच नये. कोणतंही मेण थेट आचेवर ठेवू नका. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवा. सोयाला काजळी येतच नाही, असं सांगून विकू नका. वात पाव इंचाची कातरली नाही, तर प्रत्येक मेण काजळी धरतं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. एक व्यापारी मोठी ऑर्डर घेऊन आला. म्हणाला, निम्मं पॅराफिन मिसळा, पण चिठ्ठी 'शुद्ध सोया'ची लावा. बँकेचा हप्ता तोंडावर होता. बैठक रात्री दहापर्यंत चालली. काही जणी म्हणाल्या, कोणाला कळते? तेव्हा तीच मावशी बोलली, "आपल्याले इतके वर्सं नाई कळलं, मनून का आपुनबी दुसऱ्याले फसवाचं?" ऑर्डर गेली. हप्ता आम्ही गटाच्या बचतीतून भरला. आता आमच्या प्रत्येक ग्लासावर लिहिलेलं असतं, सोया किती आणि पॅराफिन किती.

आणि माशीचं मेण? ते संपलेलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत मधासोबत मेणाचंही नाव आहे. ते गोळा करायचा आणि विकायचा हक्क वनहक्कधारकांचा आहे. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माश्या न जाळता, पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घ्यायचं शिक्षण मध काढणाऱ्यांना दिलं. त्यामुळे माशी जगते आणि पोळं पुन्हा भरतं. मेळघाटातल्या बहिणींनो, मध विकताना पोळं फेकू नका. ते मेण आहे, आणि तिन्ही मेणांत आपल्या हाताने पहिल्यापासून शेवटपर्यंत होणारं तेच एक आहे. आमच्या गटाला ते विकत घ्यायचं आहे.

घरी गेल्यावर आजीची फणेरपेटी सापडली, तर डबी उघडून बघा. तळाशी थोडं मेण असेल.